आज निलंग्याला रेल्वे मागत नाही
रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. अश्विनी वैष्णव,
रेल्वेमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली



पाकिटावर निलंग्याचा शिक्का दिसला की आत काय लिहिले असेल, हे आपल्या कार्यालयातल्या माणसांना पाकीट न फोडताच कळत असेल. ‘आमच्या तालुक्याला रेल्वे द्या.’ आम्ही ही मागणी इतक्या वर्षांत इतक्या जणांकडे केली आहे की आता ती निवेदनात लिहिताना हात आपोआप चालतो. या गावाने महाराष्ट्राला १९८५ साली मुख्यमंत्री दिला, पण गावाला फलाट काही मिळाला नाही. निजामाच्या काळात लातूरला मोठी लाईन नव्हती, म्हणून तीसेक किलोमीटरवरच्या एका स्टेशनाला ‘लातूर रोड’ म्हणायचे ठरले. म्हणजे इथे उतरा आणि पुढे रस्त्याने जा. आम्हाला ‘निलंगा रोड’सुद्धा नशिबी आले नाही.

तरीही, साहेब, या पत्रात मी निलंग्याला रेल्वे मागत नाही. गावातले काही मित्र यावर रागावतील. त्यांना मी कट्ट्यावर उत्तर देईन. आपल्याकडे आज माझे मागणे वेगळे आहे: आम्ही एसटीने पन्नासेक किलोमीटर जाऊन ज्या रेल्वेवर बसतो, ती एकेरी लाईन आधी मोकळी करा. कुर्डुवाडी–बार्शी–धाराशिव–लातूर–लातूर रोड ही एक, आणि विकाराबाद–बीदर–उदगीर–लातूर रोड–परळी ही दुसरी. दोन्हींवर जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. वरून विजेच्या तारा आल्या, स्टेशनांना रंग आला, पाट्या बदलल्या. रूळ मात्र एकचा एकच राहिला.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेला मनुष्य आहे. त्यामुळे पत्रात थोडे आकडे येतील. आपण स्वतः आयआयटीत शिकलेले आहात, तेव्हा त्यांचा त्रास होऊ नये.

आधी एक प्रसंग सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी मला बार्शीला जायचे होते. गाडी पहाटेची. निलंग्याहून पहाटेची गाडी गाठायची म्हणजे आदल्या रात्री शेवटच्या एसटीने लातूर गाठून फलाटावर पथारी टाकायची, हा आमच्याकडचा रिवाज. बसस्थानकाबाहेरून निलंगा राईसचा पुडा बांधून घेतला होता. (आपण लातूरला आलात तर हा भात जरूर खा. पिवळाजर्द, तिखट, सोबत भजी. आमच्या गावाचे नाव रेल्वेच्या नकाशावर नसले तरी पुण्यातल्या हातगाड्यांवर आहे.) शेजारी कासारशिरशीकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन बसला होता. तिने डोक्याला घट्ट रुमाल बांधला होता. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात निघाले होते. आमच्या भागातले कितीतरी लोक या आजाराला बार्शीच गाठतात.

गाडी वेळेवर निघाली. तासाभराने एका छोट्या स्टेशनाच्या अलीकडे, आउटरला, उभी राहिली. स्टेशनाचे नाव सांगत नाही. तिथल्या माणसांचा त्यात काही दोष नव्हता. उजाडत होते. बाहेर तुरीचे शेत, बांधावर एक बाभूळ, आणि पुढे लाल दिवा. दहा मिनिटे गेली, वीस गेली. मग गाडी सरकत स्टेशनात शिरली आणि तिथे पुन्हा उभी. लोक खाली उतरून दात घासू लागले. शेतकऱ्याने मला विचारले, “सर, गाडी बिघडली काय की?”

“नाही हो. क्रॉसिंग आहे. समोरून गाडी येतीय.”

“मंग आपुनच का थांबायचं? तिनं थांबावं की!”

मी त्याला समजावले. रूळ एकच आहे. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरची गाडी या स्टेशनात येऊन तिचा तुकडा मोकळा होईपर्यंत आपल्याला इथेच थांबायचे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हंजे आमच्या पांदणीवानीच. समोरून बैलगाडी आली की एकानं मागं जाऊन कडंला व्हायाचं.”

“तसंच.”

“मंग पांदणीत मधी-मधी कडंला व्हायाला जागा करावी की. सगळी पांदण रुंद कराया कोन सांगतंय? लोकं जमीन देत न्हाईत ते येगळंच.”

एक लांबलचक मालगाडी धडधडत गेली. तिचे डबे मोजायचा मी प्रयत्न केला, मध्येच चुकलो. सत्तेचाळीस मिनिटांनी आम्ही हललो. बार्शीत उतरताना ते जोडपे घाईघाईने रिक्षाकडे गेले. सकाळी लवकर नंबर लावायचा होता, तो त्यांना मिळाला की नाही हे मला कळले नाही.

साहेब, हे पत्र त्या शेतकऱ्याच्या वाक्याचेच आहे. पुढचे सगळे त्याचे स्पष्टीकरण समजा.

आपल्या रेल्वेत एकेरी लाईनची क्षमता काढायला स्कॉट यांचे जे सूत्र वापरतात, ते मी नातवाच्या मदतीने शोधून काढले आणि वाचून खूश झालो. सातवीच्या मुलाला समजेल असे आहे. दिवसाची १४४० मिनिटे घ्यायची. सर्वांत संथ गाडीला दोन स्टेशनांमधले अंतर तोडायला लागणारी मिनिटे, आणि लाईन देण्या-घेण्यात जाणारी मिनिटे, यांच्या बेरजेने त्यांना भागायचे. आलेल्या उत्तराचे सत्तर टक्के धरायचे, कारण दुरुस्ती, उशीर, माणसांचा थकवा हेही दिवसातच बसवायचे असते. झाली क्षमता.

उदाहरणादाखल, दोन स्टेशनांत १५ किलोमीटर अंतर आणि मालगाडीचा वेग ताशी ५० धरा. १८ मिनिटे. लाईन देण्या-घेण्याला ५ मिनिटे. एकूण २३. उत्तर येते दोन्ही दिशा मिळून दिवसाला ४३ गाड्या. आता रूळ तोच ठेवा, फक्त सिग्नलची व्यवस्था सुधारून त्या ५ मिनिटांची अडीच करा. गाड्या ४९ होतात. आणि त्या १५ किलोमीटरच्या बरोबर मध्यावर एक क्रॉसिंग स्टेशन बांधा. फलाट नको, तिकीटखिडकी नको, चहावाला नको, नुसती बाजूला व्हायची एक लूप लाईन. ९ अधिक ५, म्हणजे १४ मिनिटे. आता ७२ गाड्या. प्रत्यक्षात इतक्या निघणार नाहीत हे मला कळते. गाडी थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ खाते. तरी ४३ आणि ७२ यांच्यातला फरक पाहा. दुसरा रूळ एक इंचही न टाकता तो पडला आहे.

यातली मेख अशी की सगळ्या मार्गाची क्षमता त्यातल्या सर्वांत लांब तुकड्यावर ठरते. गोठा केवढाही बांधा, जनावरे दाराच्या रुंदीनेच आत येणार. म्हणून सरसकट खर्च करण्याआधी ते दार कुठे आहे हे बघायला हवे. आपल्या खात्याकडे दर तुकड्याची क्षमता किती आणि वापर किती याचा तक्ता असतो. या दोन मार्गांचा तो तक्ता आम्हा प्रवाशांनाही बघायला मिळावा, ही माझी पहिली विनंती. त्याला पैसा लागत नाही.

आउटरचेही असेच आहे. एकेरी लाईनच्या पुष्कळ स्टेशनांवर दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्या एकाच वेळी आत घेता येत नाहीत. एखादी गाडी सिग्नलवर थांबली नाही, पुढे घसरली, तर समोरच्या गाडीवर जाऊ नये म्हणून. सावधगिरी योग्यच आहे. म्हणून एकीला बाहेर उभे करून दुसरीला आत घेतात आणि मग पहिलीला बोलावतात. आउटरला गाड्या खोळंबतात त्या यामुळे. सिग्नलपुढे पुरेशी रिकामी लांबी ठेवली, किंवा लूपच्या टोकाला रेल्वेच्याच पद्धतीने वाळूचा उंचवटा करून घसरलेली गाडी तिथे अडेल अशी सोय केली, की दोन्ही गाड्या एकदम आत येऊ शकतात. वाळूचा ढीग, साहेब. मांजरा आणि तेरणेच्या काठच्या लोकांना आपण वाळूची अडचण सांगणार नाही अशी आशा आहे.

हे काही माझ्या डोक्यातले नवे खूळ नाही. कोकण रेल्वेने हेच केले. रोहा ते वीर ४६ किलोमीटरचे दुपदरीकरण झाले आणि पुढे डोंगर, बोगदे, नद्या यांच्यामुळे सगळीकडे दुसरा रूळ टाकणे अवघड आहे हे मान्य करून त्यांनी मधे-मधे नवी क्रॉसिंग स्थानके बांधली. कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे ही त्यांतली. तिथे सह्याद्री आडवा होता. आमच्या बालाघाटाचे पठार त्या मानाने तळहातासारखे सपाट आहे.

आता थोडे मागे जातो. आमची लाईन सुधारली की काय होते, याचा अनुभव आम्हाला एकदा नव्हे, दोनदा आला आहे.

कुर्डुवाडी–लातूर हा मूळचा बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची चिमुकली लाईन आणली. अरुंद रुळांवरही भरपूर माल वाहता येतो हे त्याला दाखवायचे होते, आणि त्याने ते दाखवलेही. त्याचे डबे इंग्लंडात लीड्सजवळ खास रूळ टाकून तपासले होते. १९११ साली ही गाडी लातूरला पोचली आणि लातूरच्या पेठेचे नशीब फिरले. दुसरीकडे ती पंढरपूरवरून १९२७ साली मिरजेला गेली. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. आमच्या पिढीने या गाडीतून प्रवास केला आहे. चढावर ती इतकी दमायची की पोरे उतरून शेंगा उपटून पुन्हा चढत, असे सांगतात. मी तसे केलेले नाही, पण ज्यांनी केले ते सगळे आज सज्जन नागरिक आहेत.

त्या जुन्या मार्गावर धाराशिव नव्हते. जिल्ह्याचे ठिकाण, पण गाडी येडशीवरून निघून जायची. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला आणि २००७-०८ मध्ये धाराशिवला पहिल्यांदा रेल्वे आली. म्हणजे जुनी लाईन सुधारतानाच नव्या गावाला रेल्वे मिळाली. निलंग्याच्या माणसाला यात काय दिसते हे मी वेगळे सांगत नाही.

दुसरा अनुभव २०१६ चा. त्या उन्हाळ्यात लातूर शहराच्या नळांना पाणी नव्हते. टाक्यांभोवती भांडणे होतात म्हणून जमावबंदी लावली होती. लग्ने पुढे ढकलली जात होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला १० टँकर, पाच लाख लिटर. मग ५० टँकरची गाडी येऊ लागली, एका खेपेत २५ लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: बहुतांशी कॅलथ्रॉपचाच रस्ता, सुमारे ३४० किलोमीटर. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा लातूरला राहत होता. त्याच्या आईने त्या पाण्याची पहिली घागर देवापुढे ठेवली आणि मगच वापरली. अडीच फुटी लाईनवर ५० मोठे टँकर ओढता आले नसते. ब्रॉडगेज मागणाऱ्यांनी गाड्या मागितल्या होत्या, धंदा मागितला होता. कुणी पाणी मागितले नव्हते. उलट, मला वाटते, एखाद्या अधिकाऱ्याने तेव्हा या कामाचा परतावा काढला असेल तर त्याच्या कागदावर पाण्याचा रकाना नक्कीच नसेल.

आता भांडणाचे सांगतो, कारण एकेरी रुळाने आमची मनेही एकेरी केली आहेत.

२०१७ साली लातूरहून मुंबईला जाणारी गाडी आठवड्यातले काही दिवस बीदरपर्यंत वाढवली. लातुरात आंदोलने झाली, आमची गाडी पळवली म्हणून. बीदर–उदगीरकडच्या लोकांना वाटले, आम्ही बसलो तर यांचे काय जाते? दोघांचेही बरोबर होते. लातूरकरांना चढायला जागा उरेना, उदगीरकरांना मुंबईची दुसरी पुरेशी सोय नव्हती. भांडण व्हायला हवे होते ते दुसरी गाडी का सोडता येत नाही यावर, आणि झाले ते एकाच गाडीच्या बाकावर. मला त्याचे जास्त वाईट वाटले, कारण निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. माझ्या आजोबांच्या जमिनीचे कागद बीदरच्या कचेरीतले आहेत. औरादकडच्या आमच्या पाहुण्यांना आजही लातूरपेक्षा भालकीचे स्टेशन जवळ पडते. ते कन्नडमध्ये तिकीट मागतात, मराठीत भांडतात आणि हैदराबादी हिंदीत तडजोड करतात. ही एकच पंचक्रोशी आहे. तिला एका गाडीवरून आपसांत लावून देऊ नका.

वरून कारभारही दोन घरांचा. लातूरपर्यंत मध्य रेल्वे, सोलापूर विभाग. लातूर रोडपासून दक्षिण मध्य रेल्वे, सिकंदराबाद विभाग. मध्ये तीसेक किलोमीटर. मुंबईकडून आलेली गाडी सिकंदराबादच्या दाराशी सोलापूरच्या सोयीने येते आणि पुढे सिकंदराबादच्या सोयीने जाते. दोन्ही मुख्यालयांच्या दृष्टीने आम्ही शेवटचे टोक आहोत. सासर म्हणते माहेरचे बघतील, माहेर म्हणते सासरचे बघतील. खरे पाहता आम्ही टोक नाहीच. २०१७ च्या ऑक्टोबरात बीदर–कलबुर्गी मार्ग सुरू झाल्यापासून तर आमची लाईन मुंबई, हैदराबाद आणि बंगळूर यांच्या मधोमध आली आहे.

आणि कामे होतच नाहीत असेही मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर खोटे ठरेल. दौंड–सोलापूर–कलबुर्गी दुहेरी मार्ग २०२२ मध्ये पूर्ण झाला. परभणी–मुदखेड दुहेरी झाला. छत्रपती संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला आपल्या मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली, २१७९ कोटी रुपयांची. मराठवाड्याच्या उत्तर अंगाला दुसरा रूळ आला किंवा येतो आहे. मी नकाशा पुढे घेऊन त्यावर लाल रेघा ओढल्या. वरून एक, खालून एक, आणि मधे कुर्डुवाडीपासून परळीपर्यंत आणि विकाराबादपर्यंत आमची काळी एकेरी रेघ. मुंबईहून येणारी गाडी कुर्डुवाडीपर्यंत पळत येते आणि मग आमच्यात आली की तिची चाल आमच्यासारखी होते.

या काळ्या रेघेवरच आपला मराठवाडा रेल्वे डबा कारखाना उभा आहे. लातूरजवळ हरंगुळला ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन झाले, २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला आणि २०२३ मध्ये वंदे भारत शयनयानाच्या १२० गाड्या इथे बांधण्याचा करार झाला. आमच्या भागातली मुले तिथे वेल्डिंग करतील याचा मला आनंद आहे. पण देशातल्या वेगवान गाडीचे डबे लातूरच्या कारखान्यातून निघणार आणि मालगाडीला वाट देत आउटरला उभे राहणार, हे दृश्य आपल्यालाही आवडणार नाही.

वंदे भारतवरून एक सांगतो, आणि इथे मी माझ्या गावकऱ्यांच्या विरोधात जातो. सध्या प्रत्येक निवेदनात लातूरला वंदे भारत द्या असे असते. एकेरी लाईनवर अतिवेगवान गाडी सोडली की तिला वाट देण्यासाठी दोन्ही दिशांच्या गाड्या लूपमध्ये कोंबाव्या लागतात. ती एक गाडी धावते तेव्हा दोन पॅसेंजर थांबलेल्या असतात. पॅसेंजरमध्ये कोण असते? घाटनांदूरचा दूधवाला, पानगावची कॉलेजची मुलगी, उदगीरच्या बाजाराला निघालेली भाजीवाली. लातुरात शिकवणी लावायला दरवर्षी हजारो मुले येतात, ती महिन्याकाठी घरी जातात ती याच गाड्यांनी. आधी रूळ मोकळा करा, मग वेगवान गाडी खुशाल द्या. उलट क्रमाने दिलीत तर फलकावर फीत कापल्याचा फोटो राहील आणि खाली पॅसेंजर दोन तास उशिरा असल्याची घोषणा चालेल.

आपल्या अधिकाऱ्यांचे उत्तर मला ठाऊक आहे. इतकी वाहतूकच नाही. गाड्या कमी आहेत, मग दुहेरीकरण कशाला? हे म्हणजे आडाला दोर लहान लावायचा आणि पोहरा रिकामा आला की आडात पाणी नाही म्हणायचे. निलंगा, औसा, उदगीरचे सोयाबीन आणि तूर, लातूरच्या मिलांतली डाळ, सोयाबीनची पेंड हा माल आज बहुतेक ट्रकने जातो. एक भरलेली मालगाडी सुमारे अडीच हजार टन नेते. म्हणजे दीडशेहून अधिक ट्रक. व्यापारी रेल्वेकडे का वळत नाही? भाडे जास्त म्हणून नव्हे. गाडी कधी लागेल आणि कधी पोचेल याचा भरवसा नाही म्हणून. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक असतो; तिथे ‘वाट मोकळी झाली की सोडू’ या शब्दावर माल कोण लावील?

तरी मी हे दोन्ही मार्ग आजच सबंध दुहेरी करा असे म्हणत नाही. कागदावर मंजूर आणि वर्षाला हजार रुपयांची तरतूद, असले दुहेरीकरण आम्हाला नको. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडला पहिली गाडी मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, १७ सप्टेंबर २०२५ ला आली. तीस वर्षे. मंजुरीच्या वर्षी जन्मलेल्या बीडच्या मुलाने पहिल्या गाडीत आपल्या मुलाला मांडीवर घेतले असेल. मी आज पासष्टीच्या पुढे आहे. तीस वर्षांच्या योजना माझ्या उपयोगाच्या नाहीत. त्या शेतकऱ्याच्या बायकोच्या तर नाहीतच.

म्हणून तीन वर्षांत होण्याजोगे मागतो. लातूर ते लातूर रोड हे तीसेक किलोमीटर पहिल्यांदा दुहेरी करा. दोन विभागांची सगळी गुंतागुंत तिथेच आहे आणि कारखानाही त्याच्या तोंडाशी आहे. दोन्ही मार्गांवरचे जे तुकडे सर्वांत लांब आहेत, त्यांच्या मध्यावर क्रॉसिंग स्टेशने बांधा. मोठी मालगाडी पुरती मावेल इतक्या लूप लांब करा. मालगाडी लूपमध्ये मावत नाही म्हणून प्रवासी गाडीला बाजूला सारले जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. दोन्ही बाजूंनी गाड्या आत घेण्याची सोय करा. आणि आत्ता जे उड्डाणपूल, जे छोटे-मोठे पूल या मार्गांवर बांधले जात आहेत, ते बांधताना दुसऱ्या रुळाची रुंदी आजच सोडा. आज चार मीटर वाचवले आणि दहा वर्षांनी पूल पाडून पुन्हा बांधला, हे आम्ही रस्त्यांच्या बाबतीत इतके पाहिले आहे की आता हसूही येत नाही.

यानंतर निलंगा. लातूरकडून निलंग्यावरून कर्नाटकात उतरणारा मार्ग ही आमची जुनी मागणी मी सोडलेली नाही. पण आज आपण तो मार्ग मंजूर केला आणि तो या तुंबलेल्या लाईनला आणून जोडला, तर निलंग्याला काय मिळेल? दिवसातून एक चार डब्यांची गाडी, तीही लातूरच्या बाहेर वाट मोकळी होण्याची वाट बघत. नदीत पाणी नसताना कालवा खणल्यासारखे ते होईल, आणि कालवे खणून झाल्यावर पाण्याची वाट बघणे म्हणजे काय, हे मांजरेच्या खोऱ्यातल्या माणसाला विचारा. आधी नदी वाहू द्या. कालव्याला आम्ही थांबू. लोक म्हणतील, मास्तरने मागणी विकली. म्हणू द्या.

मी अलीकडे प्रवासात एक वही जवळ ठेवतो. गाडी कुठे थांबली, किती मिनिटे, समोरून काय गेले, ते लिहितो. शेजारचे प्रवासी आधी संशयाने बघतात, मग स्वतःच सांगू लागतात, “लिहा सर, सुटली, सात सत्तेचाळीस.” पुढच्या महिन्यात पुन्हा बार्शीला जायचे आहे. पुढच्या पत्रासोबत वहीची पाने जोडीन.

आपला,
एक निलंगेकर
(आडनावाने नव्हे, राहण्याने)
निलंगा, जि. लातूर